फ्लोटची उंची

"ही पण होती ना वाळूजला कंपनीत. पॅकिंगला," असं आमचे हे त्या गाडीवाल्याला सांगून मोकळे झाले, आणि क्षणभर मला कळेचना, हे कुणाबद्दल बोलताहेत. रविवारची सकाळ, जालना रोडवरचं जुन्या गाड्यांचं पत्र्याचं शेड, आणि मी प्लास्टिकच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसलेली. गाडीवाल्या हिमांशूनं आपलं सहज, बोलायचं म्हणून विचारलं होतं की काकू काय करतात. त्याला उत्तर नकोच होतं, चहा संपेपर्यंतचा वेळ भरून काढायचा होता. ह्यांनी उत्तर दिलं आणि लगेच गाडीकडं वळले. एकोणीस वर्षं मी त्या कंपनीत काढली. त्यातले पहिले चार महिने पॅकिंगला होते, खोटं कशाला बोलू. खोक्यात कागदाचे कपटे भरायचे, चिकटपट्टी लावायची, खोकं पुढं ढकलायचं. त्यानंतरची अठरा वर्षं आठ महिने मी कार्बोरेटर जुळवले. आणि आज माझ्यासमोर दोन गाड्या उभ्या होत्या, एक कार्बोरेटरवाली, एक इंजेक्शनवाली. माझे यजमान बद्रीनाथराव, जलसंपदा खात्यातले वरिष्ठ लिपिक, दोन्हींत आळीपाळीनं डोकं खुपसून कोणती घ्यावी ह्याच्या पेचात पडले होते. आणि मी पॅकिंगला होते.

गाडीचं वेड ह्यांना आत्ताच लागलं असं नाही. ह्यांचं गाव फर्दापूर. लेणी बघायला येणारे परदेशी पाहुणे तिथल्या चहाच्या टपरीवर थांबायचे. त्यांतला एक जण लांब हँडलची, बसकी, पाय पुढं ताणून चालवायची मोटारसायकल घेऊन आला होता आणि आठवीतल्या बद्रीनाथला त्यानं टाकीवर बसवून फोटो काढला होता. फोटो पाठवतो म्हणाला, तो काही आला नाही. ही हकिकत मी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात ऐकली. मग पहिल्या दिवाळीला ऐकली, आमच्या प्रेरणाच्या बारशाला ऐकली, गारखेड्यातलं घर घेतलं तेव्हा अंगणात गाडी कुठं उभी राहील हे दाखवताना ऐकली. त्या गाडीच्या टाकीवरचा ओरखडा डाव्या बाजूला होता की उजव्या, त्या माणसाच्या बुटांचे बंद कोणत्या रंगाचे होते, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. ह्यांच्या आयुष्यातली एक दुपार मला एवढी पाठ आहे. माझी एकोणीस वर्षं ह्यांच्या डोक्यात चौथ्या महिन्यालाच थांबलेली होती, हे मला लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी, एका परक्या माणसासमोर, हातात कागदी कप धरलेला असताना समजलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी आधी बोटांत गेली. बोटं आपोआप कपाच्या कडेला चिमटे घेऊ लागली.

काळी गाडी दोन हजार नऊची होती, कार्बोरेटरवाली. शेजारची मरून रंगाची चार वर्षांपूर्वीची, इंजेक्शनवाली. हिमांशू असेल तिशीतला, गॉगल केसांत खोचलेला, जिभेवर साखर. "काका, कार्बोरेटरमध्ये जान असते, जान," तो सांगत होता. "इंजेक्शन म्हणजे मोबाईल समझो. सेन्सर गेला, की गाडी जिथल्या तिथं. मग बोलवा टेम्पो. ही काळी बघा, बिलकुल मक्खन." अर्ध्या तासापूर्वी आम्ही आत आलो तेव्हा हाच माणूस फोनवर कुणाला तरी कार्बोरेटरच्या कटकटीत पडू नका, इंजेक्शनच घ्या, असं कळकळीनं समजावत होता. ते मी ऐकलं होतं, ह्यांनीही ऐकलं असणार. पण ह्यांचं मन काळीवर बसलं होतं, आणि मन बसलं की ह्यांचे कान बंद होतात.

"व्हय, बरोबर आहे तुमचं. आपल्या मनात तीच भरली," हे म्हणाले. मग मान न वळवताच मला म्हणाले, "आवाज ऐक की गं. लई भारी आहे."

आवाज मी ऐकतच होते. इंजिन सुरू होतं, आणि नुसतं उभं असताना त्याचा ठोका चढत होता, उतरत होता, मधेच अडखळत होता. ह्यांना ती धकधक वाटत होती. मागच्या नळीतून येणाऱ्या धुराला कच्च्या पेट्रोलचा वास होता, नळीचं तोंड आतून काजळलेलं होतं, आणि कार्बोरेटरच्या तळातून खाली सोडलेल्या बारीक पाइपातून फरशीवर थेंब पडत होते. एक, मग जरा थांबून एक. ते मी मोजलेही. हिमांशूनं त्या ओल्या डागावर कधीतरी भुसा टाकून ठेवला होता. मी बोट दाखवलं तर म्हणाला, "जुनी गाडी आहे काकू, थोडं टपकतंच. टेन्शन नका घेऊ." आणि हेही हसून म्हणाले, "बायकांचं लक्ष आधी फरशीकडं जातं." दोघेही हसले. मी नाही हसले.

जान म्हणे. ती जान मी घातलेली आहे, हे ह्या दोघांपैकी कुणाला सांगावं? सकाळी पावणेसातला सूतगिरणी चौकात कंपनीची बस यायची. शेडमध्ये पांढऱ्या दिव्यांखाली आम्ही बावीस बायका एका रांगेत बसायचो. मुलाखत घ्यायला आलेल्या साहेबानं आमचे हात उलटसुलट करून बघितले होते आणि म्हणाला होता, बायकांची बोटं बारीक असतात, बारीक कामाला बऱ्या. डोक्याबद्दल काही म्हणाला नाही. तेच काम शेजारच्या लाइनीवर पुरुष करायचे तर ते टेक्निशियन, आम्ही लेडीज. "लेडीजला सांगा", "लेडीजकडून करून घ्या". रत्नमाला हे माझं नाव त्या शेडमध्ये फक्त ओळखपत्रावर होतं. पण काम माझं होतं. कार्बोरेटरच्या खाली एक वाटी असते, तिच्यात पेट्रोल साठतं. त्या पेट्रोलवर एक पोकळ तुकडा तरंगतो, तो फ्लोट. पेट्रोल पुरेसं झालं की फ्लोट वर येतो आणि त्याची पितळी जीभ एका सुईला ढकलून वाट बंद करते. गच्चीवरच्या टाकीतला बॉल करतो तेच काम, फक्त अंगठ्याएवढ्या जागेत. ती जीभ केसभर जास्त वाकली तर गाडी उपाशी मरते, केसभर कमी वाकली तर पेट्रोल उतू जातं. ती किती वाकवायची, हे मी ठरवत होते. दिवसाला तीनशे वीस. फ्लोटची उंची मोजायचं गेज लावायचं, बघायचं, वाकवायचं, पुन्हा गेज. तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर गेज नुसतं नियम म्हणून लावत होते; अंगठ्याच्या पेराला आधीच कळलेलं असायचं. चाचणीच्या तेलानं बोटांची सालं निघायची. घरी सासूबाई बेसनानं हात धुतल्याशिवाय कणकेला हात लावू द्यायच्या नाहीत, आणि धुतल्यावरही भाकरीला वास येतो म्हणायच्या. वास येत असेलही. पण ह्या शहरात आणि शहराबाहेर किती लाख गाड्या त्या वासातून रस्त्यावर आल्या, आणि कितीजण त्यांच्यावर बसून लग्नं ठरवायला गेले, दवाखान्यात गेले, फर्दापूरला गेले! सिग्नलला उभी राहिले की मी अजूनही लोकांच्या गाड्यांचे आवाज ऐकते. बिघडलेला ठोका ऐकला की जीव कासावीस होतो. रस्ता ओलांडून जावं, त्या अनोळखी माणसाला गाडी बंद करायला लावावी आणि म्हणावं, थांबा, फक्त दहा मिनिटं द्या मला.

दोन हजार वीसला नियम बदलला, नव्या गाड्यांना सगळीकडं इंजेक्शन आलं आणि आमची लाइन बंद झाली. शेवटच्या दिवशी प्रत्येकीला स्टीलचा डबा आणि एक कागद दिला. कागदावर माझ्या कामाचं नाव 'सहायक' असं होतं. कुणाची सहायक, ते लिहिलं नव्हतं. मला तेव्हाही संताप आला होता, पण इंजेक्शनचा नाही. लोकांना वाटतं मी त्याला शिव्या देत असेन. माझ्या पोटावर पाय देऊन आलेली वस्तू आहे ती, पण वस्तू चांगली आहे. थंडीत एका झटक्यात सुरू होते, पेट्रोल मोजून घेते, धूर कमी टाकते. चांगल्याला चांगलं म्हणायची सवय मला त्या बाकावरच लागली. राग येतो तो ह्या जानवाल्यांचा. ज्यांनी कधी वाटी उघडून बघितली नाही त्यांना कार्बोरेटरमध्ये आत्मा दिसतो, आणि ज्या बाईनं तो बसवला ती दिसत नाही.

"आणि काका, सगळ्यात मोठी गोष्ट," हिमांशू काळीच्या टाकीवर थाप मारत म्हणाला, "कार्बोरेटर सिंपल चीज आहे. कुणीही उघडतो. एक पेचकस असला की काम झालं."

"मग उघडा," मी म्हणाले.

"काय काकू?"

"कुणीही उघडतो म्हणालात ना? उघडा. टपकणं बंद करून दाखवा, मग बोलू."

तो हसला. रविवारी मेकॅनिक सुट्टीवर असतो म्हणाला. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आज पहिल्यांदाच नीट बघितलं, आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "आता काय झालं तुला? बस की जरा निवांत."

"निवांतच बसले होते. पेचकस द्या. गाडी बंद करा, आणि इंजिन गार होऊ द्या आधी."

"अगं साडीला डाग पडतील."

"पडू द्या."

इंजिन गार व्हायला पंचवीस मिनिटं लागली. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडू देणारा माणूस आमच्या लाइनीवर दुसऱ्या दिवशी दिसला नसता. ती पंचवीस मिनिटं ते दोन पुरुष माझ्यामुळं थांबले होते, आणि मला वाटतं हिमांशूला चेष्टेचा विषय मिळाला म्हणून तो थांबला, आणि हे लाजेनं थांबले. मी पदर खोचला. पेट्रोलचा कॉक बंद केला, वाटीतलं पेट्रोल एका बाटलीत काढून घेतलं, दोन्हीकडच्या क्लॅम्प ढिल्या करून कार्बोरेटर कलता केला. चार स्क्रू. त्यांतल्या दोहोंची डोकी कुणीतरी चुकीच्या पेचकसानं खाऊन टाकली होती. कुणीही उघडतो ना! वाटी हातात आली आणि तो वास आला. पाच वर्षांनी. माझे डोळे भरून आले, ते वासानं आले असं कुणी समजलं असतं तर माझी हरकत नव्हती. सुई काढून उजेडात धरली, टोक चांगलं होतं. फ्लोट हलवून बघितला, आत पेट्रोल शिरलं नव्हतं. जीभ मात्र कुणीतरी पक्कड लावून मुरगाळली होती. अशी मुरगाळलेली जीभ माझ्या ट्रेमध्ये सापडली असती तर मी त्या माणसाला बाकावरून उठवलं असतं. गेज नव्हतं. फ्लोट सुईला नुसता टेकेल एवढा धरला, अंगठा आडवा लावला, आणि पेरानं सांगितलं, अजून. जरासं वाकवलं. अजून. पुन्हा. पेर गप्प झालं तेव्हा मी थांबले. सगळं होतं तसं बसवलं, कॉक उघडला, आणि आम्ही तिघंही त्या पाइपाच्या तोंडाकडं बघत उभे राहिलो.

थेंब पडला नाही. हिमांशूनं बटण दाबलं. दोनदा खोकून इंजिन लागलं, मी बाजूचा एक स्क्रू पाव फेरा फिरवला, आणि ठोका एका जागी बसला. हिमांशूच्या तोंडून "क्या बात है काकू" निघालं आणि ते मनापासून होतं. ह्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. माझ्या काळ्या झालेल्या बोटांकडं, मग माझ्या तोंडाकडं, मग पुन्हा बोटांकडं बघत होते. पंचवीस वर्षांत ह्यांनी मला असं बघितलं नव्हतं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. त्या दोन-तीन क्षणांत मी ह्यांना सगळं माफ करून टाकलं होतं.

मग हे हिमांशूकडं वळले, खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, "आता हीच घेऊ. बाहेर जायचं कामच नाय, मेकॅनिक घरातच निघाला! तोही फुकटात."

दोघं खदाखदा हसले. मी फडक्यानं एकेक बोट पुसत होते. म्हणजे मी जे काही होते ते ह्यांना कळलं, आणि कळल्याबरोबर ते कामाला लागलं. रविवारी सकाळी पोहे, मग गाडी. पाहुणे आले की, आमची ही बघा, कार्बोरेटरसुद्धा उघडते. मित्रांच्या गाड्या अंगणात येऊन थांबतील, वहिनी जरा बघता का? आत्तापर्यंत मी दिसत नव्हते. इथून पुढं गावच्या लोहारासारखी दिसणार होते. ह्यापेक्षा पॅकिंग काय वाईट होतं?

"तू कधी बोलली नाहीस हे," हे म्हणाले. लाडानंच म्हणाले, तक्रार नव्हती. "इतकी वर्षं झाली, एका शब्दानं सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं."

"कधी?"

"दोन हजार अकराला. गौरी बसल्या त्या दिवशी." माझा आवाज चढला होता आणि मी तो खाली घेतला नाही. हिमांशूचा फोन वाजत होता, त्यानं तो कापला. "दोन मॉडेलची दोन गेज होती आमच्याकडं, दोन्हींची मूठ निळी. माझ्या हातात चुकीचं आलं. चूक माझीच होती, दुसऱ्या कुणाची नाही. अठ्ठेचाळीस पीस तसेच पुढं गेले. माझ्या लक्षात आलं तेव्हा ट्रे गाडीत चढला होता. सुपरवायझर म्हणाला, बोलू नका, जाऊ द्या, कोण बघतंय? तो ट्रक गेटवर पोचला होता आणि मी उन्हात धावत सुटले. घरी आले तेव्हा पायांना फोड आले होते. स्वयंपाकघरात उभी राहून मी हे सगळं तुम्हाला सांगत होते. गेटपर्यंत आले होते सांगत. तुम्ही जेवत होता. तुम्ही म्हणालात, उद्या दुधवाल्याला अर्धा लिटर जास्त सांगून ठेव, दादा येणार आहे."

ह्यांनी खिशातून रुमाल काढला, चेहरा पुसला, रुमाल परत खिशात घातला. "मला नाय आठवत," असं हळूच म्हणाले. मला ठाऊक होतं नाही आठवत. आठवून गप्प बसले असते तर एक वेळ मी समजून घेतलं असतं.

"ती मरून रंगाची घ्या," मी म्हणाले. "इंजेक्शनवाली. चांगली आहे, तुम्हाला झेपेल, काही झालं तर दुकानात न्यायची. काळीच घ्यायची असेल तर तीही घ्या, आता चांगली चालते. पण तिला माझा हात पुन्हा लागणार नाही. मी पगार घेऊन काम करत होते. ते काम तुमच्या अंगणात फुकटात करायला मी जन्माला आलेली नाही."

हिमांशू मधे पडला, काकू असं काय, काका मस्करी करत होते वगैरे. ह्यांनी त्याला हातानं थांबवलं. काळीकडं एकदा बघितलं. मला वाटलं, आता ह्यांच्या तोंडून पुन्हा टाकीवर बसलेला आठवीतला पोरगा निघणार. पण हे म्हणाले, "ती मरून गाडी काढा बाहेर. एक चक्कर मारून येतो आम्ही."

मी मागं बसले. ह्यांनी हेल्मेट घातलं, मी घातलं. गाडी एका झटक्यात सुरू झाली, एकसारख्या ठोक्यावर, आणि मी तिच्यात चूक शोधत राहिले, सापडली नाही. आम्ही चिकलठाण्याच्या दिशेनं निघालो. विमानतळाच्या भिंतीच्या कडेनं रस्ता मोकळा होता. हे कधी नव्हे ते सावकाश चालवत होते. माझा राग काही उतरला नव्हता. उलट वाऱ्यात तो जास्तच स्वच्छ वाटत होता, आणि मी ह्यांच्या खांद्याला न धरता मागची दांडी धरून बसले होते. बऱ्याच वेळानं ह्यांनी मान अर्धवट वळवली आणि हेल्मेटमधून ओरडून विचारलं, "थांबला का मग? तो ट्रक?"

चौदा वर्षांनी. चाळीसच्या वेगानं, शेजारून टँकर जात असताना, अर्धी मान वळवून.

"गाडी बाजूला घ्या," मी म्हणाले.

"आँ?"

"बाजूला घ्या गाडी!"

ह्यांनी भिंतीलगत एका निंबाखाली गाडी घेतली. मी खाली उतरले आणि समोर जाऊन उभी राहिले. "बंद करा," म्हणाले. ह्यांनी किल्ली फिरवली. "आता हेल्मेट काढा." ह्यांनी हेल्मेट काढलं, कुठं ठेवावं ते न कळून मांडीवर धरलं. कान हेल्मेटनं लाल झाले होते.

"मधे बोलायचं नाही," मी म्हणाले, आणि पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.